अ वर्गाचं तळं

२ ऑगस्ट

आणि वर आमचे आबा म्हणतात, "तुला काय कळतंय तळ्यातलं!" मला कळत न्हाई, तर पाचवीतून काढून तळ्याच्या पाळूवर, म्हंजी बांधावर, माती वाहायला का लावलं? दोन उन्हाळे टोपली डोक्यावर. तळं झालं आबांचं, शाळा गेली माझी!

आज फोनवर आबा लई खुशीत. धरणं तपासणाऱ्या साहेबाचा कागद आलाय. "आपलं खाजगी तळं, पण अ वर्गात आलं बघ! पालीच्या धरणावानी!" वस्तीवर पेढे वाटले म्हणे.

मी मुद्दाम नुसतं हं केलं. पण खरं लिहितो — बरं वाटलं. त्या पाळूत माझी पण माती हाय.

५ ऑगस्ट

इथं गुजरातेत, मोरबीच्या फरशी कारखान्यात माझं कामच वर्ग लावायचं. पट्ट्यावरून फरशी येते, टिचकी मारायची, कड बघायची — एक नंबर, दोन नंबर, भंगार. जोडीदाराला सांगितलं, आमचं तळं एक नंबर. "मग चहा पाज बे!" पाजला.

९ ऑगस्ट

शिवकन्या आक्कानं त्या कागदाचा फोटो पाठवला. तिचं अन् बंकट दाजींचं घर तळ्याच्या खालीच. जागा आबांनीच दिली — पोरगी नजरेसमोर राहावी म्हणून.

अक्षराला अक्षर जोडत वाचलं. "फुटल्यास... जीवितहानी... अकरा घरे."

फुटल्यास?

खाली नंबर होता. लावला. त्याच हापिसच्या इंजिनिअर मॅडमनी उचलला. म्हणलं, "मॅडम, अ म्हंजी चांगलं ना?"

म्हणल्या, "दादा, हा वर्ग तळ्याच्या मजबुतीचा नाही. फुटलं तर खालच्या माणसांचं काय होईल, त्याचा आहे. अ म्हणजे सगळ्यात जास्त धोका."

फरशीचा वर्ग फरशी बघून लागतो. हा लागला माणसं बघून!

पहिलं घर कुणाचं, विचारलं. त्यांनी यादी बघितली. "बंकट..." पुढचं ऐकूच आलं न्हाई.

अन् आमच्या लोकांनी याचे पेढे खाल्ले!

१० ऑगस्ट

सकाळीच आबांना फोन. "सरकारी तळी फुटत्यात. माझं न्हाई फुटत. तू आपल्या फरश्या बडव!" ठेवलाच.

मग आक्काला. ती उलट हसती. "काय घाबरतो रं? देव पावलाय आपल्याला. घरामागं, पाळूच्या बुडालाच झरा फुटलाय! आबांनी नारळ वाढवला."

झरा?

परत मॅडमला लावला. त्यांनी एकच विचारलं — पाणी नितळ की गढूळ?

आक्काला फिरून लावला. म्हणली, "गढूळच हाय. प्यायला न्हाई, पण भांड्याला चालतंय."

मॅडमला कळवलं. गढूळ म्हंजी पाळूची माती आतून वाहून चाललीय! मॅडम म्हणल्या, "मी निघालेय. आत्ताच्या आत्ता घरं सोडायला सांगा." आक्कावर ओरडलो. ती रडली. रडू दे, पण नीघ माय!

११ ऑगस्ट

अकराही घरं माळावरच्या शाळेत गेली. बंकट दाजी कोंबड्या आणायला परत खाली गेलते म्हणे. दाजींना फोनवर शिव्या घातल्या — जन्मात पहिल्यांदा. ते म्हणले, "घाल. कोंबड्या आल्यात पण."

हसलो.

१२ ऑगस्ट

आबांचा फोन. आवाज ओळखू येईना. जादा पाणी जातं तो सांडवा मॅडमसमोर खोल करून घेतायत. तळं रिकामं करणार.

"मला साहेबानं कागद आला त्याच दिवशी समजून सांगितलतं," म्हणले. "अ म्हंजी काय ते. लोक तळं फोडा म्हणले असते, म्हणून पेढे वाटले."



मग हळूच — "जेसीबीवाला ताशी बाराशे घेतो. आठ तास लागतील."

पाठवतोय. नऊ हजार सहाशे.