तानुबाईचा दात

२७ फेब्रुवारी १९३८, रविवार
आजपासून रोजनिशी. फक्त स्वतःसाठी. नागपूरच्या शाळेत डायरी इंग्लिशमध्ये लिहायचो, पण गावात आल्यापासून राग मराठीतच येतो, म्हणून मराठी.

बाबा सगळ्यांना सांगतात, इंद्रभान इंटर नापास झाला म्हणून घरी बसलाय. चूक. मी डेंटल कॉलेजची तयारी करतोय. कॉलेज कलकत्त्याला आहे. पुस्तक आणलंय, चित्रांसकट. पटाशीचे आठ, सुळे चार, उपदाढा आठ, दाढा बारा. सगळं पाठ. पण हातात खरा दात एकही नाही. गावात तोंडं पुष्कळ आहेत, पण माझ्यासमोर कोणी उघडत नाही.

आज शेजारी तानुबाईकडे गेलो. वय ऐंशीच्या घरात, आणि दात सगळे जागच्या जागी, पांढरेशुभ्र. असं तोंड जिल्ह्यात नसेल. माझी थिअरी: ज्वारीची भाकरी आणि फुटाणे. तिला विचारलं, तीही म्हणाली, "जल्मभर फुटाने खाल्ले, दुसरं काय." (खाताना कधी पाहिली नाही. जेवते पदराआड, एकटी. जुन्या बायकांची मर्यादा.) म्हटलं, जरा आ करा, मोजू द्या. तिनं पदर तोंडावर घेतला. "मसनात गेल्यावर पाह्यजो, पोट्ट्या. तवा मी नाही म्हननार नाही."

४ मार्च, शुक्रवार
तानुबाई गेली. पहाटे, झोपेत.

वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण पहिला विचार आला तो दातांचा. स्वतःची लाज वाटली. निश्चय: दहावा होईपर्यंत दातांचा विचार करायचा नाही. पुस्तकही बंद.

पुष्पा वहिनी, म्हणजे तिची सून, डोक्याशी बसून होत्या. तोंडावरचं फडकं कोणाला सरकवू देईनात. केवढी माया! मी तीनदा जवळ गेलो. दर्शनाला.

६ मार्च, रविवार
तिसरा दिवस. राख सावडायला मीही गेलो. शेजारधर्म.

तिचा मुलगा रंगराव राखेत वाकून एकेक वेचून फडक्यात टाकत होते. मला म्हणाले, "दूर राह्य बापू, धग हाये अजून." धग कसली, राख गार होती. ते घागर भरायला नदीत उतरले. माझ्या पायाशी काहीतरी पांढरं चमकलं. वाकलो. उचललं. खिशात.

ही चोरी नाही. स्पेसिमेन आहे. शिवाय तिनं स्वतःच्या तोंडानं परवानगी दिली होती.

घरी आल्यावर आईनं अंगणातच अडवलं. म्हणाली, सदरा काढ, भिजत घालते. मी सदऱ्यासकट विहिरीवर पळालो. आई बाबांना म्हणाली, पोराले दुःख झालं लई.

७ मार्च, सोमवार
पुस्तक उघडलं. निश्चय मोडला असं नाही. शोक वेगळा, शास्त्र वेगळं.

तपासणी. दात वरचा. उपदाढ, पहिली. पुस्तकात आहे की या दाताला बहुधा दोन मुळं असतात. इथे मुळं दिसत नाहीत, पण त्या जागी दोन बारीक तारा आहेत, चकचकीत. म्हणजे मुळं आगीत आटून तारा झाल्या! हे पुस्तकात कुठेच नाही.

वय वाढलं की दाताच्या आतली पोकळी भरत जाते असं दिलंय. इथे पोकळीच नाही. ऐंशी वर्षं, पूर्ण भरली. बरोबर जमतं.

पुस्तक म्हणतं, आगीत इनॅमल तडकतं. हे तडकलं नाही. पुस्तक साहेबांच्या दातांवर लिहिलेलं आहे. वरची टोकं अजून धारदार, झीज शून्य. हा ज्वारीचा गुण. पाट्यावर वाजवून पाहिला. कपबशीसारखा टण्ण वाजतो. काय दात!

चिखलीच्या तरुण मंडळाच्या वाचनालयात लेक्चर द्यायचं ठरवलं. विषय: वऱ्हाडी आहार आणि दात.

रात्री झोप नाही. दात उशीखाली होता, म्हणून असेल. ट्रंकेत ठेवला. तरी नाही.

८ मार्च, मंगळवार
ठरलं. परत करायचा. रंगराव उद्या पहाटे अस्थी घेऊन मलकापूरला गाडी धरतायत, तिथून नाशिक. मडकं त्यांच्या गोठ्यात खुंटीला टांगलंय. भल्या पहाटे उठून हळूच टाकून यायचं. अभ्यास झालाच आहे. मोजमापं लिहून घेतली आहेत.

९ मार्च, बुधवार
उठलो तेव्हा बाबा शेतातून परत येत होते.

आईनं उठवायला हवं होतं. मी सांगितलं नव्हतं, पण आईला कळतं.

१३ मार्च, रविवार
दहावा. नदीवर.

पिंड ठेवले. बाभळीवर कावळ्यांची रांग, पण एकही खाली उतरेना. रंगराव हात जोडून म्हणाले, "माय, बहिनीले दिवाळीले नागपूरहून आनीन, लुगडं नेसवीन." काही नाही. म्हणाले, "लाल गाय इकनार नाही." काही नाही. शेवटी तिच्याच वयाचे निवृत्तीबुवा ओरडले, "अबे, तिच्या आवडीचं ठेवा ना! फुटाने आना फुटाने!" फुटाणे आणले. एक कावळा उतरला, फुटाण्यांकडे पाहिलं आणि परत जाऊन बसला. "आता हे बी नाही?" बुवा म्हणाले. "मंग काय पाह्यजे तानीले?"

ऊन चढलं. रंगराव अगदी हळू बोलले, पण मी शेजारीच होतो. "माय, सापडन. मी अजून पाहतो."

काय सापडेल ते कोणाला कळलं नाही. मला कळलं. त्यांना माहीत आहे, एक कमी आहे! मी मनात म्हटलं, तानुबाई, देतो, परत देतो. कावळ्यानं चोच फांदीला पुसली.

शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. सगळे मान खाली घालून घरी.

शास्त्रीयदृष्ट्या कावळ्याला भूक नसेल. गावात आणखी कुठेतरी जेवण झालं असेल. चौकशी केली. कुठेच झालं नव्हतं.

१४ मार्च, सोमवार
आई सांगत होती, पुष्पा वहिनी एकच वेळ जेवतात. म्हणतात, कावळा शिवला नाही तो माह्याच पायी, मीच शब्द नाही पाळला आत्याबाईचा. कोणता शब्द ते सांगत नाहीत. नुसत्या रडतात.

त्यांच्या पायी नाही. मले मालूम हाये कोणाच्या पायी ते.

दात कागदात बांधला आणि सरळ गेलो. वहिनी दारात आल्या. चेहरा उतरलेला. "काय भाऊजी?" म्हणाल्या. मी म्हणालो, "विरजण आहे का थोडं?"

दिलं. घेऊन आलो.

१६ मार्च, बुधवार
होळी. शेजारी सुतक फिटलंय, पण पुरण नाही. आईनं पोळ्या दिल्या पोचवायला. उत्तम संधी. पोळ्या दिल्या, दात खिशात होता, खिशात हात घातला, आणि पुन्हा विरजणच मागितलं. वहिनींनी वाटी भरली. आई म्हणते, घरात दही किती झालं, आता कढी करा रोज.

रंगराव नदीकडे जाताना दिसले. खांद्यावर चाळणी. पेरणीला अजून किती अवकाश आहे, चाळणी कशाला? मग लक्षात आलं. ते मसणातली राख चाळतायत.

जेवलो नाही. (दुपारी तीन पोळ्या झाल्या होत्या, पण रात्री जेवलो नाही.)

पक्कं: लेक्चर झालं की त्याच पावली परत करीन. त्याआधी केला तर दाखवणार काय? चार दिवसांनी तानुबाईचं काय बिघडतंय? ती आता काळाच्या पलीकडे आहे. वहिनी नाहीत, हे खरं.

२० मार्च, रविवार
चिखली. दमणीतून गेलो, बैल बाबांचे. गावातले पाच-सहा म्हातारेही बसले मागे, निवृत्तीबुवा सगळ्यात पुढे. हॉल भरला.

जबडा फळ्यावर काढला. सहाव्या वर्षी पहिली कायमची दाढ येते, दुधाच्या दातांच्या मागे, कोणाला न सांगता. अक्कलदाढ सतरा ते पंचवीस. मग स्पेसिमेन दाखवला. नाव सांगितलं नाही, पण "आमच्या गावच्या एक वृद्ध महिला" म्हटल्यावर बुवांनी मागून ओरडून नाव सांगितलं. टाळ्या. एका मास्तरांनी तारांबद्दल विचारलं. मी आगीचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. पटलं असणार.

आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस. येताना दमणीत सगळे माझ्याकडे पाहत होते. मी खिशावर हात ठेवून बसलो होतो. घरी येऊन ओकलो. प्रवास.

२१ मार्च, सोमवार
दिला.

रंगराव नव्हते. वहिनी ओट्यावर धान्य निवडत होत्या. या वेळी विरजण शब्द तोंडातून निघायच्या आत पुडी सुपात ठेवली. म्हणालो, वहिनी, चूक झाली. त्यांनी पुडी सोडली. दात उचलून उजेडात धरला. मग भिंतीला टेकल्या. मला वाटलं घेरी आली. पाहतो तर हसतायत. मग रडल्या. मग पुन्हा हसल्या.

"हा तुमच्यापाशी होता? आन् आमचे हे रोज राख चाळून राह्यले तिकडं!"

मी म्हटलं, तानुबाईचा दात असा ठेवून घ्यायला नको होता.

"आत्याबाईचा कायचा," त्या म्हणाल्या. "म्हंजे त्याहीचाच. पन इकतचा."

मला समजेना. त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं. बारा वर्षांपासून तानुबाईच्या तोंडात स्वतःचा एकही दात नव्हता. नागपूरला लेकीकडे गेली होती तेव्हा कवळी करून आणली, लाल रबराची, चिनीमातीचे दात बारीक तारांनी बसवलेली. भाकरी दुधात कुस्करून खायची, दार लावून. शेवटच्या दिवशी सुनेला म्हणाली, "पुष्पे, मले दात घालूनच ने. बोळकं तोंड घेऊन त्याहीच्यापुढं नाही जानार मी." त्याही, म्हणजे तानुबाईचे मालक. वीस वर्षांपूर्वी गेलेले. "आन् गावाले मालूम नको पडू देऊ." वहिनींनी शब्द दिला. रबर जळालं, दात उरले. रंगरावांनी सगळे वेचले, तर एक कमी. कोणाच्या हाती लागला तर गाव हसणार तानुबाईला, मेल्यावर. त्यात कावळाही शिवला नाही.

"पन भाऊजी, तुम्ही त दाताचंच शिकून राह्यले. तुमाले कसं नाही वळखू आलं?"

मी म्हणालो, मला शंका होतीच.

त्यांनी दात पदराच्या गाठीत बांधला. माझ्याकडून वचन घेतलं: कोणाला सांगायचं नाही, आईलासुद्धा नाही. दिलं. या वेळी खरं दिलं.

संध्याकाळी आई म्हणाली, आज पुष्पा दोन्ही वेळा जेवली म्हणे, देवच पावला.

९ एप्रिल, शनिवार
निवृत्तीबुवा आले. रुमाल सोडला. आत दाढ. खालची, दोन मुळं, पिवळी, झिजलेली, आत पोकळी. खरी. पुस्तकातल्या चित्रासारखी हुबेहूब.

लेक्चरपासून ते सकाळ-संध्याकाळ फुटाणे चावतायत. सगळेच म्हातारे चावतायत. मला माहीत होतं. रोज पारावर पाहत होतो. सांगायला दोनदा गेलोही. पण एक सांगितलं की दुसरं सांगावं लागणार.

"चार होते, आता तीन राह्यले," बुवा म्हणाले. गाल सुजलेला. "तू म्हनला फुटान्यानं दात पक्के होते. तानीचे कसे टिकले बे मंग? खरं सांग."

कुंपणापलीकडे वहिनी मुसळ घेऊन कांडत होत्या. मुसळ थांबलं.

मी म्हणालो, "नशीब, बुवा."

 बुवांनी दाढ परत रुमालात बांधली.

"हे शिक्याले नागपूरले गेल्ता काय बे?"

 लवंगेचं तेल दिलं.