सांगाड्याचं पान

हैदराबाद, सोमवार, ३ सप्टेंबर १९५६

राज्याची वाटणी होणार, म्हणून आम्हा सरकारी नोकरांना, माझ्यासारख्या शिक्षिकांनाही, लिहून द्यायचंय: इथेच राहणार की मराठवाड्यात जाणार. दादा औरंगाबाद लिहिणार होता. आज त्याच्या घरी गेले तर म्हणतो, "नक्को गं. हिमायतनगरच्या बाईंनी टॅरोचे पत्ते मांडले, सांगाड्याचं पान निघालं. मरणच ते!"

मी चिडलेच. म्हटलं, अरे, ते इटलीतले खेळायचे पत्ते, आपल्या दशावतारी गंजिफांसारखे. भविष्य आणि इजिप्तची गूढविद्या लोकांनी मागाहून चिकटवली. आणि भविष्यवालेसुद्धा सांगाड्याला मरण म्हणत नाहीत, बदल म्हणतात. आपले वडील जन्मभर गंजिफा खेळले; नरसिंहाचं पान आलं म्हणून त्यांनी कुणाचं पोट फाडलं का?

दादा हसला. "मग काय लिहू?"

"औरंगाबाद!" क्षणभरही अडखळले नाही मी. त्याने माझ्यासमोरच लिहिलं, सही ठोकली.

माझा फॉर्म मात्र शाळेच्या पिशवीत अजून कोराच. सांगाडा म्हणजे बदल, हे मीच सांगितलं ना? मग...

निघताना वहिनीला दारात हळूच विचारलं, "त्या बाईंचं घर नेमकं कुठे हो?"