उघडं राहिलेलं फाटक

प्रिय रूबेन,

अकरा वर्षांनी तुझं नाव लिहितोय. आज पेनाइन डोंगररांगेतल्या लांब पायवाटेनं एकटाच निघालो होतो, वर्गात मुलांकडून पाठ करून घेतलेल्या हिवाळ्याच्या कविता पुटपुटत. दुपारी उंच माळावर धुकं उतरलं, फरशांची वाट दिसेनाशी झाली आणि मेंढ्यांची वाट मी माणसांची समजून बसलो.

मग समोर एक मेंढी आली. डाव्या खांद्यावर लाल रेघ, आपल्या बाबांची खूण. आपल्या मेंढ्या कुंपण नसतानाही आपला माळ सोडत नाहीत, म्हणून मी कुठे आलोय ते कळलं. बाबा गेल्यावर मी तुला "विकून टाक" म्हणालो होतो, तोच हा कळप.

तिच्यामागून आपल्या शेताच्या दगडी भिंतीपाशी पोचलो. पलीकडे तू गवत टाकत होतास. मला खोकला आला आणि तुझा कुत्रा भुंकला.

"गप रे मॉस, म्हाताऱ्या!" तू म्हणालास. "आपल्यातलंच असेल कुणीतरी चुकलेलं. येईल आपल्या पायांनी."

आणि माळाचं फाटक उघडं टाकून तू घरात गेलास. उघड्या फाटकापायी आपण दोघांनी बाबांचा किती मार खाल्लाय, आठवतं?

आत यायचा मला धीर झाला नाही. फाटक बाहेरून लावलं आणि ओळखीच्या उतारानं गावातल्या खानावळीत मुक्कामाला आलो.

हे पत्र टपालात टाकणार नाही. सकाळी मीच येतोय. फाटक आतून लावीन.

तुझा थोरला,
हेडली