एकाहत्तर वेळा एकशेअडतीस

ता. ४ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. आईचा गुडघा बरा आहे. हल्ली ती जिने चढते ते केवळ मला चिडवायला.

आता कामाचं. तुमच्या कारखान्याच्या जेवणातलं मीठ कमी केल्यावर कामगारांचं बीपी उतरतं का, हे आम्ही आमच्या अभ्यासात पाहतो आहोत. मोजणाऱ्या परिचारिकांची नावं आमच्याकडे येत नाहीत, फक्त क्रमांक येतात. तुझा सात, हे तूच कौतुकाने कळवलं होतंस. कळवायला नको होतं.

माणशी एक, अशा सातच्या सहाशे बारा नोंदींत वरचा आकडा एकशेअडतीस, असं एकाहत्तर वेळा आहे. इतरांच्या तेवढ्याच नोंदींत तो विसेक वेळा येतो. एकशेचाळीस, बेचाळीस आणि चव्वेचाळीस तुझ्याकडे एकदाही नाहीत. एकशेचाळीसपासून पुढे रुग्णालयाची चिठ्ठी द्यायची असते. तू कसं मोजतेस ते जसंच्या तसं लिही. मी अजून कुणाला काही दाखवलेलं नाही.

लोभ आहे तेवढा राहू दे.

तुझी भाची


ता. १० फेब्रुवारी

चि. दशांश हिस,
अनेक आशीर्वाद.

लहानपणी ताप आला तरी नव्याण्णव पूर्णांक चार असं सांगणारी पोर तू. तुला हे नाव मी उगाच नाही ठेवलं. तर ऐक जसंच्या तसं.

दवाखाना दुसऱ्या मजल्यावर. माणूस धापा टाकत येतो, आणि खालून मुकादम हाका मारत असतो. तुमच्या कागदावर लिहिलंय, पाच मिनिटं बसवून मग मोजा. बसवू कुठे, माझ्या डोक्यावर? बाक एकच, त्यावर औषधांची खोकी. म्हणून मी जिन्याचे चार-सहा वजा करते. एकोणीस वर्षं करते आहे.

आणि खोटं कशाला बोलू, नुसता जिनाच नाही. चिठ्ठी दिली की माणूस पाळी बुडवून रुग्णालयात जातो, दुपारपर्यंत रांगेत उभा राहतो, मग खिडकी बंद होते. हात हलवत परत आलेला माणूस मोजायला पुन्हा दंड पुढे करत नाही. एकशेअडतीस लिहिलं की तो दर महिन्याला येतो आणि मिठावरून माझी बोलणी खातो. फार वर असलं तर मी चिठ्ठी देतेच. काठावरच्यांनाच तेवढं सांभाळून घेते.

तुझे काका म्हणाले, घरच्याच माणसाने पकडलं हे बरं झालं. मला ते काही गोड लागलं नाही. निवृत्तीला चौदा महिने उरलेत. एवढ्या आकड्यांच्या ढिगाऱ्यात माझे एकाहत्तर इकडचे तिकडे झाले, तर कुणाचं काय बिघडणार आहे?

काळजी घे. वेळेवर जेवत जा.

तुझी मावशी


ता. १६ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

एकाहत्तर माणसांचं बिघडेल. आपलं बीपी ठीक आहे असं त्यांना वाटतं, कारण तू तसं लिहिलंस. त्यांतल्या कुणाच्या मेंदूत रक्तस्राव झाला, तर तो जिन्यामुळे झाला असं मला म्हणता येणार नाही. जिना वजा करता येत नाही. खोकी उचलता येतात.

सात क्रमांक म्हणजे माझी मावशी, हे मी आज आमच्या प्रमुखांना सांगितलं. या नोंदींवरचा निर्णय आता माझ्याकडे नाही. प्रमुखांनी तुला आठ दिवस दिले आहेत. अभ्यासावर देखरेख ठेवणाऱ्या समितीला तू स्वतः लिही. नाही लिहिलंस तर मी लिहीन. काकांना सांग, मी पकडलेलं नाही, मोजलेलं आहे.

या पत्राने लोभ कमी होईल, हे धरून चालले आहे.

तुझी भाची


ता. २३ फेब्रुवारी

चि. दशांश हिस,
आशीर्वाद.

लिहिलं समितीला. माझ्याकडून बीपीचं यंत्र काढून घेतलं. आता मी तळमजल्यावर पट्ट्या बांधते. नवी मुलगी वर मोजते. खोकी तिनेच उचलली, पहिल्याच दिवशी. मला एकोणीस वर्षांत का सुचलं नाही, हे विचारू नकोस. तुझ्या आईला यातलं काही कळवू नकोस.

रागावले आहे. आशीर्वाद दिलाय तो रीत म्हणून.

मावशी


ता. १९ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

एकाहत्तर जणांना पुन्हा मोजायला गेल्या आठवड्यात दोघींना पाठवलं. त्यांत मी होते. तुझी रजा असलेले दिवस मी मुद्दाम निवडले. ते बरोबर केलं की नाही, माहीत नाही.

माझ्या वाट्याचा पहिला माणूस फिटर होता. पाच मिनिटं बसवला, एकशेबेचाळीस आलं. मावशी असत्या तर चिठ्ठी लागली नसती, असं तो हसत म्हणाला. मागच्या वेळी रुग्णालयातून कसा परत आला, तेही त्याने सांगितलं. लिहिताना माझा हात थांबला. मग एकशेबेचाळीस लिहिलं.

एकूण अठ्ठेचाळीस जण रेषेच्या वर निघाले. तुझ्या नोंदी अभ्यासातून बाद झाल्या आहेत. तुझं काम परत देणार नाहीत. मी विचारलं होतं.

नंतर रुग्णालयातलं नोंदणी पुस्तक पाहिलं. आमच्या अभ्यासातून आतापर्यंत नव्वद चिठ्ठ्या गेल्या. औषध घेऊन परतले अठ्ठावीस. हे मोजायचं आम्हाला कुणालाच सुचलं नव्हतं. आता ते अहवालात जाईल. दर मंगळवारी आठ ते दहा एक खिडकी आपल्या माणसांसाठी उघडी ठेवायला रुग्णालय तयार झालं आहे.

येत्या मंगळवारी रुग्णालयाच्या फाटकाशी त्या अठ्ठेचाळीसांतले पहिले तेरा जण असतील. एक डॉक्टर असतील, मी असेन. मी त्यांना ओळखत नाही आणि ते माझ्यावर विश्वास ठेवत नाहीत. दहाच्या आत कुणी कंटाळून निघून गेला, तर त्याला परत आणणं मला जमणार नाही.

या पत्राचं उत्तर मंगळवारच्या आत पोहोचणार नाही. लिहू नकोस, ये.

तुझी भाची