त्यांनी एकदाच विचारलं

हॉस्पिटलातून,
६ नोव्हेंबर

चि. वर्नास,
अ. उ. आशीर्वाद.

ऑपरेशन पार पडलं. उजव्या पायात नवा गुडघा बसला आहे आणि डॉक्टर त्याच्यावर माझ्यापेक्षा जास्त खूश आहेत. आज घरी सोडणार होते, पण रक्तदाब घसरला म्हणून ठेवून घेतलं. फोनवर तुला माझं निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू ऐकत नाहीस, म्हणून लिहायलाच घेतलं.

इथली समाजसेविका सकाळी एक यादी देऊन गेली. घरी एकटीला सोडता येणार नाही, तेव्हा नीट चालायला लागेपर्यंत एखाद्या केंद्रात राहून व्यायाम करून घ्यायचा. आवडीची तीन केंद्रं उद्या दुपारपर्यंत लिहून द्या, म्हणाली. यादीत नुसती नावं आहेत, झाडांची, तळ्यांची आणि टेकड्यांची. आमच्या या सपाट मुलखात टेकडी कुणी पाहिली कोण जाणे.

मला कसली आलीय निवड? नॉर्डलचं आपलं लुथरन होम. व्यायामाच्या विभागातून एक व्हरांडा ओलांडला की विसराळू माणसांचा विभाग, आणि तिथे माझा ऑर्विल. दोन वर्षांपूर्वी त्याला तिथे ठेवला तेव्हापासून दुपारचं जेवण तो माझ्यासमोरच जेवतो. रोज बाराला मी त्याच्या टेबलाशी असते. तेवढ्या एका जेवणावर त्याचा दिवस निघतो. या आठवड्यात पाद्रीसाहेब त्याच्याजवळ बसताहेत, पण त्यांना तरी किती दिवस सांगायचं.

मी पहिल्या ओळीवर लुथरन होम लिहिलं आणि बाकीच्या दोन ओळी कोऱ्या सोडल्या. उगाच कुणाला आशा लावायची नाही. तुझा डोळा कसा आहे ते कळव. आठवण ठेवतेस, तशीच ठेव.

तुझी ताई,
आर्लिस

मेपल कोर्ट,
९ नोव्हेंबर

चि. वर्नास,
अ. आशीर्वाद.

वरचा पत्ता वाचून तू कपाळाला हात लावला असशील. लाव.

पत्र टाकलं त्याच संध्याकाळी लुथरन होममधून फोन आला. एक खाट रिकामी होते आहे, तुम्हाला हवी का, असं तिथल्या बाईंनी विचारलं. मी म्हटलं, छे छे, माझ्यासाठी कशाला अडवून ठेवता, माझ्याहून गरजू कुणीतरी असेल. त्या म्हणाल्या, बरं, कळवल्याबद्दल आभारी आहे. आणि फोन ठेवून दिला.

मी रिसीव्हर कानाला लावून तशीच बसले. आता त्या पुन्हा विचारतील अशी वाट बघत होते बहुतेक. आधीची मार्ज असती तर म्हणाली असती, अगं, खरंच काही अडचण नाही. मी म्हटलं असतं, तुम्हाला त्रास होईल. ती म्हणाली असती, त्रास कसला त्यात. मग मी म्हटलं असतं, बरं बाई, तुमचा आग्रहच असेल तर येते. आपल्याकडे याच्याशिवाय कुणी कुणाच्या घरची कॉफीसुद्धा पीत नाही. पण मार्ज निवृत्त झाली आणि या नव्या बाई टेक्ससहून आल्या आहेत.

सकाळी परत फोन केला तर खाट हार्लन ब्रेकेला गेली होती. मी म्हटलं, छान झालं, फार चांगला माणूस आहे. माझ्या तोंडून काय निघतं ते मला आता कळेनासं झालंय. कोऱ्या ओळींवर समाजसेविकेने जिथे जागा होती ते नाव भरलं आणि दुपारी मला गाडीत घातलं. हे ठिकाण नॉर्डलपासून मोटारीने दीड तास. खिडकीतून हमरस्ता दिसतो आणि शेजारच्या बाईंचा टीव्ही दिवसभर चालू असतो.

आज दुपारी घड्याळात बारा वाजले आणि मी चादर तोंडावर ओढून घेतली. आम्हा नवराबायकोला मूल असतं तर आज त्याला तिथे पाठवलं असतं, असं इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मनात आलं. तू रागावू नकोस. माया असू दे.

तुझी
आर्लिस

पॅटरसन, न्यू जर्सी,
१३ नोव्हेंबर

ती. आर्लिसताईस,
कृ. सा. न. वि. वि.

रागावू नको म्हणतेस, म्हणून रागावते. ताई, तुला बुडताना कुणी दोर टाकला तरी तू आधी तो दुसऱ्या कुणाला हवाय का विचारशील.

सालशी लग्न होऊन मी इथे आले त्या रात्री सासूबाईंनी मॅकरोनीचं ताट पुढे केलं. मी आईची शिकवण आठवून नको म्हटलं, तर त्यांनी ते उचलून सालच्या भावापुढे ठेवलं. मी न्हाणीघरात कोंडून घेऊन रडले आणि पर्समधल्या पेपरमिंटच्या गोळ्या खाऊन झोपले. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला त्यांनी तोंड उघडायच्या आत मी हो म्हटलं. साल मरेपर्यंत ही गोष्ट पाहुण्यांना सांगायचा. तुला हे शिकवायला कुणी सासू भेटली नाही, तू नॉर्डलची ती नॉर्डलचीच राहिलीस.

आता माझं ऐक. त्या टेक्ससवाल्या बाईंना फोन कर आणि एका वाक्यात सांग की मला तुमच्याकडे खाट हवी आहे. पुढे काही जोडू नकोस. "जमलं तर" नाही, "सवडीने" नाही.

मी स्वतः आले असते. पण ऑपरेशन करून डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडून ठेवलाय, तो विरेपर्यंत विमानात पाऊल टाकायचं नाही, नाहीतर डोळा जाईल म्हणतात. तोवर मान खाली घालून बसायचं. एवढी खाली मान मी लग्नातसुद्धा घातली नव्हती. दुसऱ्या डोळ्याने लिहितेय, अक्षर गोड मानून घे. बहिणीवरची माया आटू देऊ नकोस.

तुझी धाकटी,
वर्ना

मेपल कोर्ट,
१८ नोव्हेंबर

चि. वर्नास,
अ. आशीर्वाद.

फोन केला. तू सांगितलेलं वाक्य कागदावर लिहून समोर धरलं होतं. बाई गोड बोलल्या, आणि मी म्हणाले की तुम्ही कामात असाल, मी आपली चौकशीला केला. त्यांनी प्रतीक्षायादीत नाव घेतलं आहे. वर पाच माणसं आहेत.

ते राहू दे. काल ऑर्विलच्या विभागातल्या मुख्य परिचारिकेचा फोन आला. तो खात नाही. वजन उतरत चाललंय. काही त्रास देत नाही, चिडत नाही, ताट आणलं की हसून नको म्हणतो. नको म्हणायचा त्याला हक्क आहे, आम्हाला बळजबरी करता येत नाही, असं त्या म्हणाल्या. पाद्रीसाहेबांनाही त्याने हेच सांगितलं, पोट भरलंय, आभारी आहे. अशा आजारात माणसं शेवटी खाणं सोडतातच, म्हणे. आता वजन करणं, तपासण्या करणं थांबवून नुसतं आरामात ठेवायचं का, ते मला विचारताहेत. थँक्सगिव्हिंगची सुट्टी झाली की सही हवी आहे.

तो मला सोडून चाललाय आणि मी इथे एका खुर्चीवर बसून पाय वर-खाली करतेय. गुडघा वाकत नाही. व्यायाम घेणारा पोरगा विचारतो दुखतं का, मी म्हणते तसं काही विशेष नाही, मग तो आणखी दाबतो. दुखतं गं. फार दुखतं. तुला सांगते, त्याला सांगवत नाही.

सही करू का? तू सांगशील तसं करीन. माझं डोकं चालत नाही. तुझ्या मायेवरच आहे सगळं.

आर्लिस

पॅटरसन,
२१ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सही करू नकोस. जादा तिकिटं लावून पाठवतेय, हातात पडलं की आधी फोनाकडे जा.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. हसून नको म्हणतो. पोट भरलंय, आभारी आहे. ताई, हा आजार नव्हे, हा ऑर्विल आहे. आपल्या स्वयंपाकघरात तो पहिल्यांदा आला तेव्हाचं आठव. आईने भट्टीतली बटाट्या-मांसाची हॉटडिश पुढे केली तर हा म्हणाला, नको, घरून जेवून आलोय. नंतर तीनदा वाढून घेतलं. त्या घरात आपल्या कुणाला त्याचं नको खरं वाटलं नाही.

त्याला ते किती वेळा विचारतात, एवढंच विचार.

मी इथून खालच्या मजल्यावरच्या रोझाला फोन करायला बसवलं होतं. तिथल्या लोकांनी तिला सांगितलं, परक्यांना रुग्णाची माहिती देत नाही. तेव्हा तूच कर. आज कर.

वर्ना

मेपल कोर्ट,
२४ नोव्हेंबर

चि. वर्नास,
अ. आशीर्वाद.

एकदा. एकदाच विचारतात गं. तो नको म्हणतो, त्या नोंद करतात आणि ताट उचलतात. मदतनीस मुली सगळ्या बाहेरच्या, कष्टाळू, मायेच्या. त्यांच्या घरी माणूस नको म्हणाला म्हणजे त्याला नको असतं. आजार त्याचं सगळं पुसत गेला, माझं नाव नेलं, आमची गव्हाची जमीन नेली. ही रीतभात तेवढी राहिली, आणि तीच त्याला उपाशी मारतेय. मी रोज समोर बसून नकळत तीनदा विचारत होते आणि मला वाटत होतं, तो माझ्या प्रेमापोटी खातो.

मी परिचारिकेला सगळं समजावून सांगितलं. तीनदा विचारा म्हटलं. काल तिने केलं तसं. ताट ठेवलं आणि ओळीने विचारलं, जेवणार का, जेवणार का, जेवणार का. ऑर्विल रागावून उठून गेला. तिची काय चूक? मध्ये हवापाण्याचं बोलावं लागतं, ताट बोटभर पुढे सरकवावं लागतं, आता वाया जाणार म्हणून जरा उसासा टाकावा लागतो. हे कुणाला कसं लिहून द्यायचं?

मग मी टेक्ससच्या बाईंना फोन लावला. म्हटलं, मला खाट हवी आहे. मला दुसऱ्या कुणाहीपेक्षा जास्त हवी आहे. पहिली मोकळी होईल ती मला द्या. मला वाटलं माझ्या उद्धटपणाला भितील. त्या म्हणाल्या, आर्लिसबाई, हे तुम्ही त्या दिवशी का नाही सांगितलंत? फोन ठेवला तेव्हा मी घामाने भिजले होते. लाज वाटली, वर्ना, चारचौघांत झगा उसवावा तशी.

अजून खाट नाही. तिकडे रोज एक दुपार जातेय आणि मी देवाकडे कुणाची तरी खाट रिकामी होऊ दे म्हणून मागतेय. म्हणजे काय मागतेय ते मला कळतं. तू माझा तिरस्कार करू नकोस.

आर्लिस

लुथरन होम, नॉर्डल,
३ डिसेंबर

चि. वर्नास,
अ. उ. आशीर्वाद.

आले. हार्लन ब्रेके परवा झोपेतच गेला. बाईंचा फोन आला, त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हटलं आणि मग त्याच्यासाठी रडले. खरंच चांगला माणूस होता.

काल बाराला मला चाकाच्या खुर्चीतून ऑर्विलच्या टेबलाशी नेलं. सदरा अंगावर लोंबत होता, गालांची हाडं वर आली होती. त्याने मला ओळखलं नाही. एवढे दिवस मी समोर नव्हते, तेवढ्यात तेही गेलं. चर्चच्या बायकांनी लेफ्सा करून आणल्या होत्या, बटाट्याच्या पातळ पोळ्या, लोणी-साखर लावून गुंडाळलेल्या. मी काही बोलायच्या आत त्याने आपली गुंडाळी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाला, घ्या ना थोडी.

आणि मी घेतली. लगेच. महिनाभर हो म्हणायचं शिकत होते ना.

त्याने माझ्याकडे टक लावून पाहिलं. मग मदतनीस मुलीकडे वळून, हळू पण मला ऐकू येईल असं म्हणाला, की या बाई आपल्याकडच्या दिसत नाहीत, पण भुकेल्या आहेत बिचाऱ्या, त्यांना आणखी एक आणून दे.

वर्ना, मी जन्म काढला गं त्याच्याबरोबर.

दुसरी आली, ती मी त्याच्याकडे सरकवली. नको म्हणाला. मी तळं यंदा लवकर गोठलं म्हटलं, बशी जरा पुढे केली. तो म्हणाला, नाही, खरंच पोट भरलंय. मी म्हटलं, आता ही टाकूनच द्यावी लागणार. तेव्हा म्हणाला, बरं, तुमचा आग्रहच असेल तर. सगळी खाल्ली, बोटंसुद्धा चाटली. परिचारिका म्हणते, फार आशा धरू नका, अंगात काही उरलेलं नाही. मी धरत नाही. पण सहीचा कागद परत पाठवला.

मला खोलीत न्यायला आले तेव्हा त्याने विचारलं, उद्या जेवायला याल का. मला हो म्हणायचं होतं. जीव तुटत होता हो म्हणायला. पण मी म्हटलं, छे, तुम्हाला कशाला उगाच त्रास. आणि खुर्चीचा दांडा धरून थांबले. त्या फोनच्या वेळी थांबले होते तशीच.

त्याने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदाही विचारलं. मग मी हो म्हणाले.

बुडबुडा विरला की ये. नको म्हणू नकोस, मी एकदाच विचारतेय.

तुझी ताई,
आर्लिस