माझ्या सालची बाटली

बोन, फ्रान्स, १८ नोव्हेंबर

प्रिय ओदीलताई,

तुझं पत्र मिळालं. मॉन्ट्रियलला बर्फ सुरू झाला म्हणतेस. इथे नुसतं धुकं. द्राक्षमळे झडले, तळघरातली पिंपं भरली, बाबांचा गुडघा दुखतोय आणि तोंडाचा पट्टा चालू आहे. म्हणजे सगळं ठीक. माझ्यासाठी खोली रिकामी केलीस हे वाचून गलबलले. जानेवारीच्या तिकिटाचं शेवटी लिहिते.

आधी शनिवारच्या जेवणाचं ऐक. आपला निम्मा माल उचलणाऱ्या लाँबेरसाहेबांना बाबांनी पुलाजवळच्या रेस्टॉरंटात बोलावलं होतं. कालवांबरोबर शाब्ली आली. तो खारेपणा आणि ती कोरडी, गार वाईन जिभेवर भेटली आणि मी डोळेच मिटले. मग अळंब्या घातलेली, सायीतली कोंबडी आणि सोबत आपली मुरलेली पांढरी. ताई, अशी मी जन्मात जेवले नव्हते.

दर पेल्याला बाबा आधी मला विचारत, "बोल पोरी, काय लागतं?" मी म्हणायची, "भाजलेला बदाम, थोडं लोणी." तेच बाबा लाँबेरसाहेबांना झोकात ऐकवत. मला वाटलं, लेक जाणार म्हणून कौतुक चाललंय. मी अगदी फुगले होते.

चीजच्या वेळी त्यांनी माझ्या जन्मसालची बाटली काढली. शेवटची. रीतीप्रमाणे यजमानाने आधी चाखली. "वा! अजून दहा वर्षं सहज टिकली असती!" मग जिचं साल तिची पाळी. पेला नाकाशी नेला तर ओल्या पुठ्ठ्याचा भपकारा. बुचाने वाईन पार नासवली होती. बाबांना कळलंच नाही.

लाँबेरसाहेबांनी पेला पुढे केला. ज्याचं नाक गेलं, त्याची वाईन कोण घेणार? मी मिठासाठी हात लांबवला आणि बाटली आडवी केली.

"वेंधळी!" बाबा ओरडले. "इतकी वर्षं जपली, आणि हिने टेबलक्लॉथला पाजली!"

"जाऊ द्या हो," लाँबेरसाहेब हसत सुटले, "ही कॅनडात गेली की तुमच्या बाटल्या तरी वाचतील."

कोट घालताना बाबांनी हळूच विचारलं, "बुचाने खाल्ली होती?"

"हो."

"उन्हाळ्यातल्या तापापासून काही कळत नाही गं. कॉफीसुद्धा नुसतं गरम पाणी." त्यांनी माझी बाही धरली. "तू जा. मी तुला अडवत नाही."

बाही मात्र सोडली नाही.

ताई, मला यायचं होतं. या तळघराच्या ओलीतून सुटायचं होतं. राग येतो, पण बाबांचा नाही, माझ्याच नाकाचा. ते इतकं तयार नसतं तर आज सुटले असते. तिकीट काल परत केलं. सोमवारी लाँबेरसाहेब नवा माल चाखायला येतील तेव्हा मी बाबांच्या शेजारी उभी असेन.

खोली दुसऱ्या कुणाला दे. तुझ्या सालची बाटली अजून शाबूत आहे. येशील तेव्हा उघडू. पहिला घोट मीच घेईन.

तुझी, आता इथलीच,
सोलांज