'बोळा' कादंबरीचा शेवटचा फर्मा

मी, म्हाळसाबाई हनुमान शिंगाडे, वय ७१, धंदा पूर्वी बुकबाइंडिंग, सध्या सुनेला सूचना देणे, राहणार पडेगाव, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र कुणाच्या दबावाविना लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. गुडघ्यांचा मागू नये. २०१९ साली केलेल्या मृत्युपत्रात धाकटा भाऊ फकिरा याला 'काहीही देऊ नये' असं मी दोनदा लिहिलं होतं. ते मृत्युपत्र रद्द समजावे.

१. पडेगावचं घर मुलगा विश्वजीत याला. अट एकच, अंगणातला लिंब तोडून तिथं गाडी उभी करायची नाही. गाडी उन्हानं मरत नाय.

२. बँकेतली ठेव सून श्रेया हिला, तिच्या एकटीच्या नावावर. विश्वजीतनं तोंड वाकडं करू नये. माझं दुखणं तिनं काढलं. तू फोनवरून 'माय, जप' म्हणत होतास.

३. बाइंडिंगचा लाकडी दाब, सुया आणि दोऱ्याची रिळं नात प्रांजली हिला. दाबाखाली पनीर दाबू नये. श्रेयानं एकदा दाबलंय, मला ठाऊक आहे.

४. 'बोळा' या कादंबरीची पहिली आवृत्ती, १९८७ सालची. या प्रतीसाठी पुण्याचे एक संग्राहक दोनदा घरी येऊन गेले. त्यांचा आकडा ऐकून विश्वजीतनं नव्या गाडीचा रंगसुद्धा ठरवला. तरी विश्वजीतनं हे पुस्तक विकायचं नाही. का, ते लिहिते.

१९८४ साली चितेगावला, माझ्या माहेरी, एका कारखान्याचं घाण पाणी पाइपातून ओढ्यात यायचं. कारखाना केव्हाच बंद पडला, आता नाव घेऊन काय करायचं? ते पाणी पिऊन आमची अकरा मेंढरं मेली. अर्ज केले, कुणी विचारलं नाय. मग भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, मी बापाची घोंगडी, चिंचोक्याची खळ देऊन कडक केलेली, त्या पाइपात कोंबली आणि मोगरीनं ठोकली. पाण्यानं ती फुगून घट्ट बसली. घाण उलटी फिरली ती थेट साहेबाच्या खुर्चीखाली. फकिराला राखण करायला बाभळीखाली बसवलं होतं. लई राखण केली त्यानं, घोरत होता.

गावच्या मास्तरांनी यावर कादंबरी लिहिली, सगळं फकिराला विचारून. ती छापायला आमच्याच प्रेसमध्ये आली आणि बाइंडिंगला माझ्याच पुढ्यात. घड्या घालताना दिसलं, पाइप बुजवतो भाऊ. आणि बहीण? ती भाकरी घेऊन येते! माझ्या अंगाची लाहीलाही झाली. फकिरा प्रेसमध्ये आला, म्हणाला, "आक्का, शेवट वाच, मग बोल." मी म्हणाले, "तुझे हारतुरे मी वाचू व्हय? चल, हो बाजूला."

शेवटचा फर्मा, म्हणजे सोळा पानांची घडी, तिच्या वरच्याच पानावर त्याला हार घालायला गाव जमलेलं दिसलं होतं. मला तेवढं पुरलं. दोनशे नव्व्याण्णव प्रतींतून तो फर्मा मी गाळला आणि कोपऱ्यावरच्या भजेवाल्याला देऊन टाकला. एक प्रत तेवढी पूर्ण शिवून घरी ठेवली, हाताच्या कामाचा नमुना म्हणून.

मास्तर आधी संतापले. मग टीकाकारांनी लिहिलं, असा धाडसी, अर्ध्यात तोडलेला शेवट आजवर झाला नाही. बक्षीस मिळालं, मास्तर गप्प झाले. दुसरी आवृत्ती निघाली नाही, हस्तलिखित मास्तरांच्या मागं कुठं गेलं कुणास ठाऊक. फकिरानं मात्र माझ्या घरची पायरी सोडली. अडतीस दिवाळ्या झाल्या, भाऊबीजेचं ताट मी मांडलं नाय. सत्कार हुकला म्हणून फुगलाय, असंच धरून चालले.

गेल्या महिन्यात संग्राहकांसाठी पानं मोजता मोजता प्रांजलीनं तो फर्मा मोठ्यानं वाचला. मी जन्मभर पानांच्या घड्या घातल्या, वाचायची सवय कुठली! गाव हार घालतं. भाऊ तो काढून हातात घेतो आणि म्हणतो, "मी झोपलो होतो. बोळा माझ्या आक्कानं घातला. हार तिला घाला." पुढची सगळी पानं माझ्याच कौतुकाची आहेत. नावसुद्धा बदललेलं नाय, म्हाळसाच आहे.

म्हणजे भावानं दिलेला मान मी माझ्या हातानं भज्यांखाली घातला आणि वर त्यालाच बोल लावला. मला लई वाईट वाटतं, हे इथं साफ लिहिते. पुस्तक फकिराला. त्यानं ठेवावं, विकावं, त्याची मर्जी.

५. बाकीची कलमं माझ्या मागं वाचावीत. कलम ४ मात्र मी जिवंत असताना, येत्या रविवारी, विश्वजीतनं चितेगावला जाऊन फकिराला वाचून दाखवावं. मला माझ्या तोंडानं सांगवत नाय. मी बाहेर रिक्षात बसून राहीन. त्यानं दारात येऊन 'आक्का' म्हणून हाक मारली, तर उतरेन.

ठिकाण: पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
दिनांक: ९ ऑक्टोबर २०२५

सही: म्हाळसाबाई हनुमान शिंगाडे

साक्षीदार:
१. द्वारकाबाई सोनवणे, शेजारीण
२. शिवराज गव्हाणे, रिक्षाचालक (रविवारी सकाळी आठला येतो म्हणाले)